हाकलल्यावरही लागलेला कर

अमेरिकेने मला हाकलून दिलं, हे आमच्या दुसरबीड गावात फक्त माझ्या बायकोला माहीत होतं. निदान माझी तशी समजूत होती. बाकी गावाला मी सांगितलं होतं, की तिकडची थंडी मानवली नाही.

शिकायला म्हणून गेलो, शिक्षण अर्ध्यावर सोडलं, व्हिसा संपला तरी तिथेच राहिलो आणि गाडीवरून घरोघरी जेवणाचे डबे पोचवू लागलो. शेवटी पकडलं, काही दिवस कोंडलं आणि विमानात बसवून दिलं. विमानातून उतरताना एकच समाधान होतं, तिकडचा कर मी भरला नव्हता. देशच सुटला, तर देणं कसलं? आपल्यासारखा बेरकी आपणच, असं वाटून मी दोन घास जास्त जेवत होतो.

मग तिकडच्या खोलीतल्या गुजराती मित्राचा फोन आला. माझ्या नावाने कर खात्याचं पत्र आलं होतं. विवरणपत्र भरलेलं नाही, कर थकलाय, त्यावर दंड आणि व्याज चढतंय.

त्या दिवसापासून गावात पांढरी सरकारी जीप दिसली, की मी गोठ्यात शिरायचो. एकदा ती जीप जनावरांच्या डॉक्टरांची निघाली आणि डॉक्टर थेट गोठ्यातच आले. मला पाहून म्हणाले, "बरं झालं हायेत तुम्ही. बैल धरा जरा." अमेरिकेचा फरार करदाता बैलाची शिंगं धरून उभा राहिला.

बायकोने ते पाहिलं. डॉक्टर गेल्यावर तिने विचारलं, "काऊन लपून राह्यले तुम्ही?"

मी सगळं सांगितलं. ती वैरण टाकता टाकता म्हणाली, "त्याइनं तुम्हाले हाकललं, तुमच्या कमाईले नाही. तिथं कमावलं, तर तिथं भरा."

परदेशातल्या करांची कामं करणारे एक सल्लागार खामगावला होते. एवढ्या लांब ओळखीचं कोण भेटणार, म्हणून मी खुशीत गेलो. बायकोचे मामा पिंपळगाव राजाचे, म्हणजे खामगावच्या कुशीतलेच, हे माझ्या लक्षातच नव्हतं. ते स्वतःच्या कसल्याशा कागदांसाठी सल्लागारांच्या कचेरीतल्या बाकावर बसलेले होते.

"जावईबापू! तुम्ही इथं?"

"सहज आलो," मी म्हणालो. कर सल्लागाराकडे सहज कोण जातं?

तेवढ्यात सल्लागारांनी मला आत बोलावलं. आत म्हणजे एका पडद्यापलीकडे. ते खणखणीत आवाजात म्हणाले, "देश सोडला तो स्वतःहून, की हद्दपार केलं?"

मी पुटपुटलो. त्यांनी पुन्हा विचारलं. शेवटी मी ओरडलो, "हद्दपार!" बाहेरची कुजबुज एकदम थांबली.

सल्लागार मात्र हसले. हद्दपार झालात तरी तिथे असतानाच्या कमाईचा हिशेब द्यावाच लागतो, म्हणाले. पण खात्याने लावलेला कर अंदाजाने आहे. विवरणपत्र इथूनही भरता येतं. गाडीचा आणि पेट्रोलचा खर्च वजा केला, तर रक्कम बरीच उतरेल. राहील त्याचे हप्ते मागू.

बाहेर आलो, तर मामा वाट पाहत थांबले होते. "हाकलून देलं तरी टॅक्स भरून राह्यले?" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "इमानदार हाये आमचा जावई!"

मामांच्या तोंडात तीळ भिजत नाही. ते फोन लावायच्या आत गावाला आपणच सांगावं, म्हणून एसटीतून उतरून मी थेट चौकातलं चहाचं हॉटेल गाठलं. घसा खाकरून म्हणालो, "मले अमेरिकेनं हाकलून देलं."

कोणी दचकलंच नाही. हॉटेलवाला कपात चहा ओतत म्हणाला, "आमाले माहीत हाये ना बे. विमानातून उतरताना तू टीव्हीवर दिसला. तुले वाईट वाटन म्हणून कोणी बोललं नाही."

सगळं गाव माझी अब्रू झाकत होतं आणि मी समजत होतो, की गावाला मी बनवतोय.

सल्लागारांच्या हिशेबाने रक्कम खरंच उतरली आणि हप्तेही मिळाले. आता हप्ता भरला, की बायको पावती पाहून तो खरंच भरला ना, याची खात्री करून घेते. माझा बेरकीपणा सुटला, यावर तिचा अजून विश्वास बसलेला नाही.