घेवड्याचं ऑपरेशन

आमचे मामा बत्तीस वर्षं इस्पितळात ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, गळवं फोडायची, पट्ट्या बांधायच्या. हात इतका हलका, की पेशंट "आई गं" म्हणायला तोंड उघडेपर्यंत पट्टी बांधून झालेली असायची. पण जित्याची खोड! निवृत्त झाल्यावरही कुठे फुगवटा दिसला की त्यांची बोटं शिवशिवायची. गादीतली कापसाची गाठसुद्धा ते पिळायचे. आणि जंतू म्हणजे तर जन्माचा वैरी. मामी चहा देण्याआधी त्यांना स्वतःचे धुतलेले हात दाखवायची.

मामीचा जीव मात्र मागच्या अंगणातल्या घेवड्यात. तिच्या आईने जाताना बियांची एक पुरचुंडी दिली होती. त्यातले शेवटचे बारा दाणे मामीने लावले, बाराही उगवले, आणि नेमकं तेव्हाच तिच्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. दोन महिने तिकडे राहायचं होतं. निघताना मामांना म्हणाली, "फक्त पाणी घाला. दुसरं काहीही करू नका." मला म्हणाली, "लक्ष ठेव गं." कोणावर, ते सांगायची गरज नव्हती.

पंधरा दिवसांनी तण उपटताना एक वेल मुळासकट मामांच्या हातात आला. मुळांवर बारीक बारीक गाठी. मामा इतके खूश माझ्या लग्नातही दिसले नव्हते.

"गळवं! सगळ्यांना झाली असणार. बाराच्या बारा पेशंट!"

मी अडवायला हवं होतं. खोटं कशाला बोलू, मी ट्रे धरला. मामांनी एकेक वेल अलगद उपटला, चिमट्याने गाठ न् गाठ काढली, मुळं जंतुनाशकात बुडवली, उरलेलं औषध वाफ्यात ओतलं आणि वेल पुन्हा लावून प्रत्येकाच्या बुंध्याला पट्टी बांधली.

आठवड्यात पाच वेल गेले. उरलेले सात कावीळ झाल्यासारखे पिवळे पडले. शेवटी एक पान घेऊन आम्ही रोपवाटिकेत गेलो. मामांनी केलेलं ऑपरेशन ऐकून तिथल्या बाई हसता हसता खालीच बसल्या.

"अहो, त्या गाठींत जंतूच राहतात! वेल त्यांना साखर देतो, ते हवेतला नत्र त्याला खाऊ घालतात. दोघांचा संसार चालला होता, तुम्ही घरच पाडलंत."

"जंतू... चांगले?" मामांनी विचारलं.

"घेवडा जिथे जोमात असेल तिथली माती आणून मुळाशी घाला. लवकर."

तसा घेवडा एकाच ठिकाणी होता, कुंपणापलीकडच्या रंगाऱ्याकडे. त्याच्या अंगणात जुने डबे, कुजका पाला, काय वाट्टेल ते. 'जंतूंचं माहेरघर' म्हणून मामा दहा वर्षं त्याच्या नावाने शंख करत होते. आता तेच मामा हातात पातेलं घेऊन कुंपणाशी उभे. अडला हरी, दुसरं काय!

"थोडी माती हवी होती."

"ही घाण?" रंगारी म्हणाला. "थांबा, हात धुऊन देतो."

"नको, नको!" मामा ओरडले. "हात अजिबात धुऊ नका!"

रंगाऱ्याने पातेलं भरलं, वर कुंपण ओलांडून स्वतः माती घालूनही दिली. तो गेल्यावर मामा वाफ्याशीच बसून राहिले. "तिच्या आईचं एवढंच उरलं होतं गं," म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. माझी स्वतःचीच मला लाज वाटली. पुढे आणखी तीन वेल गेले, चार मात्र हळूहळू हिरवे झाले.

मामी आली तेव्हा मामा फाटकातच उभे होते. तिने पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाले, "आठ गेले. मी मारले. चार आहेत."

मामी तडक मागे गेली. एका वेलाशी बसून तिने बोटाने माती सारली. मुळांवर गुलाबी गाठी धरल्या होत्या. वर चार-दोन शेंगाही लोंबत होत्या.

"आई यांना मोती म्हणायची," ती म्हणाली. मग डोळे पुसून मामांकडे वळली. "काय, काढायच्यात का?"

मामांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले.