घाडीकाकांना हात जमत नसत

आमचे अण्णा खोपटच्या डेपोत एसट्या धुवायचे. आईला अक्षरओळख नव्हती. शाळेची पुस्तकं सोडली तर घरात छापलेला कागद म्हणजे वाण्याच्या पुड्या. मी वाचायला लागले ती कोपरीच्या आमच्या चाळीत शेजारी राहणाऱ्या घाडीकाकांनी काढलेल्या चित्रकथांवर. घराण्यातली पहिली पदवीधर मी, आणि त्यात काकांच्या राजा-राक्षसांचा वाटा आहे. म्हणूनच त्यांच्याबद्दल कोणी खोटं गोड बोललं की माझं डोकं फिरतं.

काकांनी "कसं झालंय?" असं कधी विचारलं नाही. पान पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "चूक काढ गं. वाहवा काय, समोरचा चहावालापण करतो."

चूक शोधावी लागत नसे. काकांना हात जमत नसत. बोटं म्हणजे केळ्यांचा घड. म्हणून त्यांचे राजे भर लढाईत शाल पांघरत, राक्षस हात मागे बांधून गर्जना करत. बायका तर सगळ्या एकाच चेहऱ्याच्या.

"काका, राणी, दासी, चेटकीण, सगळ्या काकूच!"

"समोर एकच बाई बसते. दुसरी आणू?"

आतून काकू ओरडल्या, "आणा की! स्वयंपाकही तिलाच सांगा."

पण पाय! रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले आणि काकांची तळमजल्याची खोली खड्ड्यात गेली. खिडकीतून माणसांचे फक्त पाय दिसत. काका दिवसभर तेच बघत बसत. त्यांच्या चित्रातल्या गर्दीचे चेहरे झाकून बघा. कोण घाबरलंय, कोण थकलंय, कोण चोर आहे, पायांवरून कळतं. असे पाय मी दुसऱ्या कोणाच्या चित्रात पाहिले नाहीत.

आणि या माणसाचं नाव प्रकाशकाने कधी कुठे छापलं नाही.

काका गेल्यावर त्या प्रकाशकाच्या मुलाने जुन्या चित्रकथांचं पुस्तक काढायचं ठरवलं. मला माजिवड्याच्या ऑफिसात बोलावलं. "मॅडम, प्रस्तावनेच्या चार गोड ओळी द्या." नमुन्याची पानं पाहिली आणि माझ्या अंगाची आग झाली. शाली गायब. कॉम्प्युटरवर प्रत्येकाला नवे, गुळगुळीत हात चिकटवलेले. नाव याही वेळी नाही.

"सुधारलंय मॅडम, आभार माना."

"सुधारलंय? माणूस गेल्यावर त्याचे हात कापलेत तुम्ही! आणि नाव कुठंय?"

"तेव्हा चित्रकाराचं नाव छापायची पद्धत नव्हती."

"तुमच्या वडिलांचं बरं छापायची पद्धत होती!"

बहुतेक सगळी मूळ पानं काकूंच्या ट्रंकेत होती. ती मिळाल्याशिवाय पुस्तक निघणार नव्हतं. तो मिठाई घेऊन चाळीत आला. काकूंनी खोका उघडलासुद्धा नाही. "हात वाईट होते, पण ह्यांचे होते. आहेत तसे छापा, वर नाव घाला. नसेल जमत तर हा खोका उचला नि चालू लागा."

पुस्तक आलं. हात वाकडेच आहेत, शाली जागेवर आहेत. काकांना हात जमत नसत, हे मी प्रस्तावनेच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय. पायांबद्दल पुढची दोन पानं आहेत. आणि मुखपृष्ठावर घाडीकाकांचं नाव आहे.