कोर्सला गेलेली मुलगी

शेळगावच्या स्टँडवर बारामतीची एसटी लागली होती. माझ्या पायाशी दोन बॅगा, आईच्या हातात चकल्यांचा डबा. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुठं निघाली गं पोर?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "पुण्याला. कम्प्युटरचा कोर्स हाय, सा म्हयन्याचा." माझे वडील, म्हणजे तात्या, एसटीच्या टायरकडं बघत राहिले.

त्याला चार वर्षं झाली. सहा महिन्यांचा कोर्स चार वर्षं चालतो का हो? तरी गावात सरळ कुणी विचारत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ठाऊक आहे हे कुणी दाखवत नाही. तर गावातल्या तुम्हा सगळ्यांना, आणि माझ्यासारखं खोटं कारण सांगून बाहेर पडलेल्यांनाही, आज सांगून टाकते. मी कोर्सबिर्स काही केला नाही. मी मानसिक आजाराच्या उपचाराला गेले होते. झालं का समाधान?

सुरुवात बारामतीला झाली. मी तिथं बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, हॉस्टेलवर. भिंतीपलीकडं दोन बायका माझ्याविषयी बोलायच्या. मी काय खाल्लं, कशी चालले, किती वाईट आहे. भिंतीपलीकडं खोलीच नव्हती, मोकळं मैदान होतं. मी चार वेळा जाऊन बघून आले, तरी बोलणं थांबेना. मग अभ्यास सुटला, अंघोळ सुटली, मेसला जाणं सुटलं.

हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर एका ॲपचा कागद लावलेला होता. मन थाऱ्यावर नसेल तर हे घ्या, असा. घेतलं. ते मराठीत विचारायचं. झोप झाली का? लोक पाळत ठेवतात असं वाटतं का? इतरांना ऐकू न येणारे आवाज येतात का? हे वाचून माझी खात्रीच पटली की ॲप त्या दोघींना सामील आहे. नाहीतर त्याला कसं कळलं? डिलीट केलं. आठवड्यानं परत घेतलं, परत डिलीट. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा 'कुणाशी बोलायचं आहे का?' याखालचं बटण डोळे मिटून दाबलं.

दुपारी समुपदेशक बाईंचा फोन आला. मी पहिलंच विचारलं, "तुम्ही खऱ्या आहात का?" बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "जवळ कुणी असेल तर त्यांच्याकडं फोन द्या. त्यांनाही मी ऐकू येते का बघू." माझी रूममेट अश्विनी, कळस गावची, शेजारीच होती. तिनं फोन कानाला लावला आणि म्हणाली, "येतंय की ऐकू! कोण बोलतंय?" मी तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले.

घरी कळलं आणि घरच उलटंपालटं झालं. "मोबाइलनंच डोस्कं फिरवलं तिचं," आई म्हणाली. तात्यांनी मला शेळगावला आणलं आणि फोन काढून गव्हाच्या कोठीत ठेवला. अंगारा झाला, उतारा झाला. त्या दोन बायका मात्र माझ्याबरोबर घरी मुक्कामाला आल्याच होत्या.

आमच्या विहिरीवरच्या मोटरीला सिमकार्डचा स्टार्टर आहे. लाईट आली की तो तात्यांना फोन करतो. तात्यांनी बटण दाबलं की रेकॉर्ड केलेली बाई सांगते, "मोटर चालू झाली आहे." तात्या तिला रोज उत्तर देतात, "बरं बरं." एका सकाळी ते असंच "बरं बरं" म्हणाले आणि माझं टाळकंच सटकलं. "तात्या, विहिरीवर कोण बाई बसलीय व्हय? तिचं ऐकून तुमी उसाला पाणी देता. मग माज्या फोनमधल्या बाईचं का ऐकत न्हाय? ती तर जिती हाय!" आई म्हणाली, "बघा, परत सुरू झालं हिचं."  जेवण झाल्यावर तात्यांनी कोठीत कोपरापर्यंत हात घातला, फोन काढला, शर्टाच्या बाहीला पुसला आणि म्हणाले, "लाव त्या बाईला."

समुपदेशक बाईंनीच पुण्याच्या डॉक्टरांकडं पाठवलं. आता मी पुण्यात तीन मुलींबरोबर राहते, एका लॅबमध्ये सॅम्पलची नोंद करते. पूर्वी माझ्या तोंडी पाण्याची पाळी, उसाची मोळी, खोडवा असायचं. आता शिफ्ट, फॉलो-अप, रिमाइंडर. गोळ्यांनी वजन वाढलं, सुरुवातीला बसल्या जागी झोप यायची. शेळगावची तर इतकी आठवण यायची की उसाच्या ट्रॅक्टरवरची कर्कश गाणीसुद्धा गोड वाटायची. आवाज गेले. एखादा अजून फिरकतो, पण मी त्याला चहा विचारत नाही. ॲपनं मला बरं केलं नाही, ते डॉक्टरांनी आणि गोळ्यांनी केलं. ॲपनं फक्त विचारायचं सोडलं नाही. आजूबाजूच्या माणसांनी सोडलं होतं.

गावी गेले की मात्र फोन सायलेंट आणि गोळी न्हाणीघरात. "कुणाला दिसू दिऊ नगंस," हे आईचं ठरलेलं.

गेल्या महिन्यात धाकट्या भावासाठी, सूरजसाठी, बावडा गावाहून मुलीकडचे पाहुणे घर बघायला येणार होते. आईचा फोन आला, "येऊ नगं म्हणत न्हाय मी. पर त्या दिशी न्हाय आलीस तर बरं." फार लागलं ते मला. मी आदल्या दिवशीच जाऊन बसले. आणि फोनचा आवाज फुल्ल ठेवला.

सकाळी दहाला पोहे फिरत असताना रिमाइंडर वाजला. मुलीच्या वडिलांनी माझ्याकडं बघितलं. आई घाईनं म्हणाली, "कंपनीचा फोन आसंल." मी म्हणाले, "नाही, माझ्या गोळीची वेळ झाली. मला नसलेले आवाज ऐकू यायचे, त्यावरची आहे." सगळ्यांचे चमचे थांबले. तात्या उठले, तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतून माझ्या हातात दिलं. "घे गोळी," म्हणाले. मग पाहुण्यांकडं वळले. "पोरगी कोर्सला न्हवती गेली. आमी खोटं बोलत हुतो."

पाहुणे "कळवतो" म्हणून गेले. अजून कळवलेलं नाही. सूरज दिवसभर फुगून होता, मग स्वतःच म्हणाला, "हे लपवून लगीन केलं आसतं तर जलमभर लपवतच बसलो आसतो." आई मात्र दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी मी निघाले. तेच स्टँड, तीच बारामतीची एसटी. आई डबा घेऊन आली होती, अजून गप्पच. शेजारच्या काकूही नेमक्या तिथंच. हसत म्हणाल्या, "निघाली व्हय? आगं, कोर्स संपंना का तुजा?" मी तोंड उघडलं. पण आईनं मला आजही बोलू दिलं नाही.

"डाक्टरकडं निघालीय," आई म्हणाली. "मनाच्या. आन् तिकडं नोकरी बी करती." सगळ्या स्टँडला ऐकू गेलं.

पुण्यात नवीन माणसं विचारतात, घर कुठं? पूर्वी मी नुसतं "इंदापूर साइडला" म्हणून वेळ मारून न्यायचे. आता ठणकावून सांगते, शेळगाव. तिथं माझी आई आहे आणि ती माझ्याबद्दल खरं सांगते.