साळुंकीचा कान

संग्रहालयाच्या बागेत माझ्या दुप्पट उंचीचं एक ब्राँझचं डोकं आहे. नुसतं डोकंच, धड नाही. ते धुणाऱ्या माळ्याचं नाव मी कधी विचारलं नाही, पण शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोज फिरायला जाते तेव्हा त्याला बघते. शिडीवर चढून, नवरदेवाला न्हाऊ घालावं तसं तो त्या डोक्याचं कपाळ, नाक, हनुवटी नारळाच्या काथ्यानं घासत असतो.

गेल्या महिन्यात मात्र डावा कान मळका दिसू लागला.

"दादा, त्या कानाला आंघोळ नाही वाटतं?" मी चिडवलं.

"साळुंकीची पिल्लं हायत त्यात," तो म्हणाला.

नेमके त्याच दिवशी मुंबईचे मोठे साहेब पाहणीला आले. कानातून लोंबणारं गवत बघून त्यांनी ते ताबडतोब काढायला सांगितलं. माळी शिडीला हात लावेना. त्याची नोकरी कंत्राटी, साहेबांच्या एका शब्दानं जाईल अशी.

"साहेब, पंधरा दिस ह्यांना त्या कानानं ऐकू येनार नाय," तो अगदी नम्रपणे म्हणाला. "काय सांगायचं असंल तर उजव्यात सांगा."

साहेब आधी लाल झाले. मग त्यांना हसू आवरेना. "बरं, पंधरा दिवस," असं म्हणून ते निघून गेले.

"दादा, कमाल केलीत हो!" मी वर्गात ओरडावं तशी ओरडले.

त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"बाई, हळू बोला. ह्यांना नसंल, पन पिल्लांना ऐकू येतं."