लांडगीण गेली तेव्हा

विल्फ्रेड ऑलर्टन माझ्या दुकानासमोरच्या घरात एकटेच राहायचे. लग्न केलं नाही, आणि केसाळ प्राणी जवळ आला की धाप लागायची, म्हणून मांजरही पाळता आलं नाही. तरी आयुष्यभर या माणसाने जनावरांच्याच गोष्टी लिहिल्या. हल हे आमचं इंग्लंडमधलं बंदराचं शहर सोडून कधी कुठे गेले नाहीत, पण अस्वलं आणि गरुड शेजारी राहत असल्यासारखं लिहायचे.

माझं दुकान वर्तमानपत्रांचं आणि तंबाखूचं. दर शुक्रवारी एक स्वस्त साप्ताहिक यायचं, त्यात ऑलर्टनांच्या ग्रिझेल नावाच्या लांडगिणीची गोष्ट असायची. वर नाव मात्र 'कॅप्टन ड्रेक हॉलिस'. ते नाव साप्ताहिकाच्या मालकीचं. त्या नावाने साप्ताहिकवाले कुणाकडूनही लिहून घेऊ शकत. मी चिडवायचे, की बंदरावरच्या होडीत न बसलेला हा कुठला कॅप्टन! ते नुसते हसायचे. मग ग्रिझेल बर्फात लंगडतेय, असं काळजीने सांगायचे. दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं, असं त्यांना कुणी नव्हतंच.

एकदा लंडनहून संपादकाने कळवलं, लांडगे आता खपत नाहीत, तिला मारून टाका. ऑलर्टननी साफ नकार दिला.

"मिसेस थ्रेलफॉल, दर हिवाळ्यात जगवलंय मी तिला," मला म्हणाले. "आता माझ्याच हाताने कशी मारू?"

मी म्हटलं, मग नका मारू. तिकडे दुसरा लेखक तयारच होता.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी दुकानातच अंक उघडला. कॅप्टन हॉलिसच्या नव्या गोष्टीत ग्रिझेल गोळी लागून मेली होती. उभ्या उभ्याच त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

"बरं लिहिलंय," म्हणाले. "पण शेवटी तिच्याजवळ कुणीतरी असायला हवं होतं."

अंकाचे पैसे देऊन निघून गेले. त्या लंडनवाल्याला मी मनातल्या मनात हव्या तेवढ्या शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घराचे रस्त्याकडचे सगळे पडदे ओढलेले. आमच्या गल्लीत घरात कुणी वारलं, तरच भरदिवसा पडदे ओढतात. शेजारची मिसेस पिकर्सगिल दुःखाच्या घरी न्यायच्या रीतीप्रमाणे उकडलेल्या हॅमची बशी घेऊन गेली. तिच्यामागून मीही गेले. ऑलर्टन काळा टाय लावून दारात उभे.

"कोण गेलं हो?" तिने हळूच विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला राहवलं नाही.

"घरातलंच माणूस गेलंय," मी म्हटलं. "बशी आत ठेव, बाई."

ती बिचारी काही न विचारता आत आली. त्या अंधाऱ्या खोलीत आम्ही त्यांच्याजवळ बसलो. थोड्या वेळाने मी चहा करायला उठले, तर घरात कप एकच होता.