लातूरच्या सामन्यातला पटका

मला एक जुनी खोड आहे. समोरच्याच्या पिशवीत काय आहे ते कळल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. म्हणूनच बहुधा आमच्या बास्केटबॉलच्या टीमबद्दल मला हार-जीत सोडून भलत्याच गोष्टी आठवतात.

निजामाचा अंमल सरत आला होता, पण ते आम्हाला तेव्हा कुठं ठाऊक? नांदेडला कॉलेज नव्हतं. हायस्कूलच्या वरच्या वर्गात मिशा फुटलेले बाप्ये बसायचे, त्यातल्या दोघांची तर लग्नंही झालेली. हैदराबादेहून बदलून आलेल्या ड्रिल मास्तरांनी त्यातले उंच उंच निवडले. मी उंच नव्हतो, पण मैदानावरून हलेचना, म्हणून मला घेतलं. हा खेळ गावात कुणी पाहिलेला नव्हता. लोहारानं बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव तोडून दोन कड्या करून दिल्या आणि विचारलं, "हे कशाला?"

मास्तर म्हणाले, "यात चेंडू टाकायचा."

"आन् खालून पडला तर?"

"पडायलाच पाहिजे."

लोहारानं पैसे आधी मागून घेतले. त्याचं काही चुकलं नाही.

आमच्यातला सगळ्यात भारी गडी लातूरचा. बाप तिथल्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत आडत्या, घर लिंगायत. पोरगा नांदेडला मावशीकडं राहून शिकायचा. त्याच्या गळ्यात दोऱ्याला चांदीची लहानशी डबी असायची आणि डबीत इष्टलिंग, त्यांच्यात जन्मभर अंगावरच वागवायचं ते. उडी मारली की डबी छातीवर आपटायची, म्हणून तो डावा हात तिच्यावर धरायचा आणि चेंडू एका हातानंच टाकायचा. मास्तर ओरडायचे, "मियाँ, दूसरा हाथ किसके लिए रखा है?" तो हसायचा आणि पुन्हा तसंच करायचा.

मी ब्राह्मणाघरचा. जानवं कळायचं, हे कळत नव्हतं. एकदा मैदानाच्या कडेला त्याला गाठलंच.

"अंघोळीला तरी काढतोस का?"

"न्हाई."

"झोपताना?"

"न्हाई."

"आणि पडलं कुठं तर?"

तो गंभीर झाला. "आमच्यातल्या एकाचं नदीत पडलं होतं. सापडेस्तोवर पाण्याबाहेर आला न्हाई. जेवला बी न्हाई."

"सापडलं?"

"सापडलं. तू लई विचारून राहिलास बघ."

त्या साली आम्ही बरेच सामने जिंकलो. शेवटचा सामना लातूरला होता. त्याआधी आमच्या लातूरच्या गड्याच्या वडिलांचा, अप्पांचा निरोप आला. लातूरला येतोच आहेस तर सामान घेऊनच ये, शाळा पुरे झाली, आता दुकानात बस. मॅट्रिकची परीक्षा काही महिन्यांवर आलेली, आणि त्याला तर पुढं हैदराबादेला शिकायचं होतं. पोराचं तोंड एवढंसं झालं. पण दुसऱ्या दिवशी म्हणाला, "अप्पांनी कुठलीबी गोष्ट एकदा नीट बघितली की ते उगा न्हाई म्हणत न्हाईत. त्यांना सामना बघायला बसवतो."

मी म्हटलं, "चेंडू टोपलीत टाकलेला बघून कुठला आडत्या पोराला शिकवील रे?"

"बघू," तो म्हणाला. त्यानं ट्रंक भरली, मोटारीच्या टपावर चढवली आणि आम्ही निघालो. ती ट्रंक बघून मला वाटभर चुकल्या-चुकल्यासारखं होत होतं. माझ्याशी तेवढं सरळ बोलणारा टीममध्ये तो एकटाच.

लातूरला मैदानाभोवती अख्खा गंज लोटला होता. अप्पा पुढंच बसले होते, पांढरा पटका, कपाळाला भस्म, चेहरा कोरा. रेफरी म्हणून हैदराबादचे कुणी साहेब आले होते. त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि डबीवर बोट ठेवलं. "बरखुरदार, ये उतारिये. किसी को लग जाएगी." माणूस वाईट नव्हता, नियमच तसा होता. अंगावर टणक काही नको.

तो म्हणाला, "नहीं उतरता, साहब," आणि बाजूला जाऊन बसला.

आमचा कॅप्टन हवालदिल झाला. मी धावत गेलो आणि म्हटलं, "माझ्याकडं दे, मी कडेलाच बसणार आहे, माझ्या जानव्याला बांधून ठेवतो. माझ्याइतकं कोण जपणार?" त्यानं माझ्याकडं असं काही पाहिलं की मी दोन पावलं मागं सरलो. मला तर ती तोड फार नामी वाटली होती.

सामना त्याच्याविना सुरू झाला आणि आमची धूळधाण उडायला लागली. तो मान खाली घालून बसलेला. अप्पा मात्र सामना बघतच नव्हते, पोराकडं बघत होते. मध्यंतर झालं तसे ते उठले, त्याच्याजवळ आले आणि सगळ्या बाजारासमोर त्यांनी डोक्यावरचा पटका सोडला. लातूरच्या गंजात त्या वयाच्या माणसाला उघड्या डोक्यानं कुणी कधी पाहिलेलं नव्हतं.

"डोक्यावर चालतं," ते पोराला म्हणाले. "कमरेच्या खाली नको, येवढंच." डबीतलं लिंग त्यांनी कपड्यात गुंडाळून त्याच्या डोक्यावर ठेवलं, रिकामी डबी स्वतःच्या खिशात टाकली आणि वरून पटका घट्ट आवळला. साहेबांनी हात लावून बघितलं, टणक काही लागेना. "ठीक है," म्हणाले.

आणि मग तो दोन्ही हातांनी खेळला! त्याचा तो दुसरा हात आम्ही सगळ्यांनी त्या दिवशीच पाहिला. बघता बघता आम्ही एका टोपलीच्या अंतरावर आलो. शेवटी शेवटी चेंडू थेट त्याच्या हातात पडला, वर कडी मोकळी, आडवं कुणी नाही. त्यानं उडी मारली आणि पटक्याचा पेच सुटला.

त्यानं चेंडू हातातून सोडून दिला. दोन्ही हात डोक्याला लावले आणि तसाच खाली आला. चेंडू घरंगळत रेषेबाहेर गेला, शिट्टी झाली, लातूरची पोरं नाचायला लागली. कॅप्टननं कपाळावर हात मारून घेतला. मलाही संताप आला, खोटं कशाला सांगू? आणि त्याहून जास्त वाईट वाटलं, कारण अप्पांना दाखवायचं होतं ते अगदी हातातोंडाशी येऊन गेलं होतं.

तो डोकं धरून उभाच होता. अप्पा आले. लिंग परत डबीत घातलं, डबी त्याच्या गळ्यात अडकवली, मग सावकाश पटका झटकून स्वतःच्या डोक्याला बांधला. माझ्याकडं वळून म्हणाले, "काय रे, जवळून टाकला तरी दोन, लांबून टाकला तरी दोनच?"

"हो, अप्पा."

"हा कसला हिशेब? लांबून आणलेल्या मालाला जास्त भाव नको?"

मोटारीपाशी हमालानं त्याची ट्रंक उतरवून ठेवली होती. आम्ही एकेक करून चढलो. तो खाली ट्रंकेजवळ उभा.

अप्पा ट्रंकेकडं बघत मास्तरांना म्हणाले, "परमुलखात पोरगं राहिलं की आपलं राहत न्हाई, अशी भीती होती मला." मग हमालाला म्हणाले, "ती ट्रंक टाक परत वर."