शेवटच्या नंबराची जर्सी

...तर जावई तरातरा लाँड्रीत शिरला, इथवर काल आलो होतो. हातात आमच्या चिमणीची, म्हणजे माझ्या नातीची, रग्बीची जर्सी. पाठीवर सगळ्यात शेवटचा नंबर, आणि संघाची निवड दुसऱ्याच दिवशी.

लाँड्रीवाल्या बाईच संध्याकाळी मुलींना रग्बी शिकवतात. जर्स्या धुणं, इस्त्री, नंबर शिवणं, सगळं त्यांच्याच हातचं. मी आपला कपडे न्यायला बाकावर बसलेलो.

"निवडायची नसेल तर तोंडावर सांगा ना बाई. पार तळाला कशाला टाकलीत?"

"दादा, आधी बसा. तुमच्या नादात गिऱ्हाइकाची कॉलर जळेल." बाईंनी इस्त्री उभी केली. "सगळ्या एकाच सालच्या मुली, नंबर वाढदिवसाच्या क्रमाने आहेत. जानेवारीतली मुलगी पहिली, तुमची डिसेंबरातली म्हणून शेवटची. निवडणारे दांडग्या पोरी बघून भुलतात. अहो, जानेवारीतली जवळजवळ वर्षाने मोठी आहे, दांडगी असणारच. त्यांना हे सांगून ठेवलंय, पाठीवरचा नंबर बघितला की तेवढं आठवतं."

जावईबापू असे वरमले की माझे कपडे त्यांनीच उचलले.

"हे सुचलं कुठून?" मी विचारलं. बाई हसल्या. त्याही डिसेंबरअखेरच्या. लहानपणी दरवेळी ऐकायच्या, पुढच्या वर्षी बघू. मैत्रिणींनी नावच पाडलं होतं, 'पुढच्यावर्षी'. पण पुढचं वर्ष काय एकट्या त्यांनाच यायचं? बाकीच्याही वाढायच्या. बाईंना उंची आली तोवर खेळ सुटला होता.

निवडीच्या सकाळी पहिल्या नंबराची पोरगी बॉल घेऊन रेड्यासारखी सुटली. आमची चिमणी खाली वाकली, तिच्या गुडघ्यांना मिठी मारली, टॅकल म्हणतात त्याला, दोघी चिखलात. माझा जीव टांगणीला. निवडणारे साहेब म्हणाले, "चांगली आहे, पण लहान आहे. पुढच्या..." तेवढ्यात चिमणी उठून पाठमोरी झाली. साहेबांनी नंबर बघितला आणि पुढचं गिळलं.

दोघींची निवड झाली. मी मैदानावरून तडक लाँड्री गाठली. म्हटलं, "बाई, तुमचे उपकार कसे फेडू?"

बाई म्हणाल्या, "आजोबा, टॅकल तिने केला, मी नंबर शिवला. उपकार राहू द्या, जर्सी तेवढी आजच आणून टाका. चिखल एकदा वाळला की निघता निघत नाही, आणि रविवारी तिची मॅच आहे."